नावाचा रकाना

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते, हे माझ्या धाकट्या भावाला अजून सांगता येत नाही. तो दुबईत, अल कुसैसला राहतो, मसाल्यांचा आणि लोणच्यांचा होलसेल धंदा करतो आणि ओळखीपाळखीत मोठ्या तोऱ्यात सांगतो, "आमची ताई अबूधाबीला हॉस्पिटल लाइनमध्ये आहे." त्यामुळे त्याच्याकडे गेले की कुणी ना कुणी गुडघे दाखवायला येतंच. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, साधी बँडेजची पट्टी मला सरळ कापता येत नाही. मी तक्ते सांभाळते. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि गुडघे परत झाकले जातात.

हे तक्ते सिकलसेलच्या रुग्णांचे असतात. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतले काही दवाखाने आपापल्या रुग्णांची माहिती नोंदवतात. ती एकत्र करून, एकमेकांशी जुळवून, संशोधकांना वापरता येईल अशी ठेवायचं काम आमच्या छोट्या ऑफिसकडे आहे. अबूधाबीतूनच का, असं विचारणाऱ्याला मी सांगते की इथून सगळीकडे विमानं जातात आणि आमचे डॉक्टर इथे राहतात. डॉक्टर मूळचे सुदानचे, वयाने माझ्या वडिलांएवढे, बोलायला मऊ आणि कामाला कडक. आयुष्यभर त्यांनी या एका आजाराची मुलं तपासली आहेत.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत. विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या शाळेत रक्त तपासायला माणसं यायची, आणि माझ्या बाकावरच्या मुलीचे सांधे थंडी पडली की धरायचे. ती रडायची नाही, नुसती दप्तराचा बंद मुठीत आवळून बसायची. सातवीनंतर ती शाळेत आली नाही आणि मी तिच्याबद्दल कुणाला विचारलंही नाही. या नोकरीच्या मुलाखतीत सिकलसेल हा शब्द निघाला तेव्हा मला तो दप्तराचा बंद आठवला.

सगळ्या दवाखान्यांना एका तक्त्यात आणताना आमच्या नाकी नऊ आले. कुणी फ्रेंचमध्ये लिहायचं, कुणी पोर्तुगीजमध्ये. एकीकडून हिमोग्लोबिन आठ यायचं, दुसरीकडून ऐंशी, आणि दोन्ही बरोबर असायचं, कारण मोजायची मापं वेगळी. एकाची तारीख दिवसाने सुरू व्हायची, दुसऱ्याची महिन्याने. 'वेदना' म्हणजे नेमकं काय, घरी गोळी घेऊन थांबलेली की दवाखान्यात न्यावी लागलेली, यावर आम्ही कित्येक दुपारी व्हिडिओ कॉलवर वाद घातले. मला वाद घालायला आवडतं, हे मान्य करते. पण ज्या दिवशी सगळे दवाखाने पहिल्यांदा एका पडद्यावर एकाखाली एक आले, त्या दिवशी माझी बोलतीच बंद झाली. जंगलाकाठचं मूल, समुद्राकाठचं मूल, वाळवंटाच्या कडेचं मूल, सगळी एका रांगेत उभी होती. एकमेकांची भाषा न येणारी माणसं एकमेकांच्या लेकरांसाठी एक रकाना मान्य करतात, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या तक्त्यात नावं नसतात. रुग्णाचं नाव त्याच्या देशाबाहेर जाता कामा नये, हा पहिला नियम. मग उद्या तोच रुग्ण परत आला तर तो तोच आहे हे कळायचं कसं? त्यासाठी मी एक युक्ती काढली होती. दवाखान्यातला कॉम्प्युटर मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख घेऊन त्यांचा एक लांबलचक कोड तयार करतो, आणि नावांच्या जागी तो कोड, सोबत जन्मतारीख आणि तपासणी, एवढंच आमच्याकडे येतं. नावातलं एक अक्षर बदललं तरी कोड पूर्ण बदलतो. जुळ्या भावंडांची सरमिसळ होऊ नये म्हणून नियम असा कडक ठेवला होता. डॉक्टरांनी भर मीटिंगमध्ये माझी पाठ थोपटली होती आणि मी आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

आता त्या दवाखान्याबद्दल सांगायला हवं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत, एक छोटं प्रसूतिगृह आहे. तिथल्या एक सिस्टर आमचं काम बघतात. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असाव्यात. कॅमेरा त्या नेहमी इतका वर धरतात की मला त्यांचं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच दिसतं. बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी, आई घरी जायच्या आत, त्या त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि तपासायला पाठवतात. आजार निघाला तर आईला निरोप जातो आणि बाळाला अगदी लहानपणापासून औषधं सुरू होतात. औषधं साधी असतात, आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतील अशी. पण ती वेळेवर मिळाली तर मूल जगतं.

म्हणजे खरी गोष्ट टाचेला टोचण्याची नाही, बाळाने परत येण्याची आहे. माझ्या तक्त्यात आजार निघालेलं मूल औषधाला परत आलं की हिरवं होतं. सहा महिने आलं नाही की लाल होतं आणि पुढे 'हरवलं' असं लिहून येतं. सिस्टरांच्या दवाखान्याची जवळजवळ सगळी बाळं लाल होती.

डॉक्टरांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "चाचणीचं सामान मोजकं आहे. मूल परत येत नसेल तर आपण त्या आईला फक्त वाईट बातमी देतोय. हे सामान दुसऱ्या केंद्राला देऊ." तीन आठवड्यांनी सगळ्या देशांची बैठक होती आणि तिथे यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. त्यासाठीचा तक्ता मीच केला. मोठा केला, रंगीत केला, खाली आडवी रेघ मारली. माझं काम मी चोख करते.

बैठकीच्या आधी केंद्राला कळवायची पद्धत आहे, म्हणून मी सिस्टरांना फोन लावला.

"मॅडम, माझी मुलं येतात," त्या म्हणाल्या.

"तक्त्यात दिसत नाहीत."

"दर महिन्याला येतात. व्हरांड्यात बसायला जागा नसते."

"ती दुसरी असतील, सिस्टर. बाहेर जन्मलेली, नंतर तुमच्याकडे आलेली. ती मला दिसतायत, वेगळ्या पानावर आहेत. पण तुम्ही ज्यांची टाच टोचली ती नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "तुमचा तक्ता माझ्या व्हरांड्यात बसत नाही, मॅडम. मी बसते."

माझ्या नाकावर राग असतो, तो उतरून जिभेवर आला. मी म्हटलं, आकडे खोटं बोलत नाहीत. असली वाक्यं बोलताना आपण किती शहाणे वाटतो! त्यांनी "ठीक आहे मॅडम" म्हणून फोन ठेवला आणि मी चहा करायला उठले. चहा कडू लागला. त्या मला खोटं सांगत होत्या असं मला वाटत नव्हतं, पण तक्ता खोटा असेल असंही वाटत नव्हतं. त्या दोन गोष्टी एकत्र कशा असू शकतात याचा विचार मी केला नाही.

त्याच रविवारी माझ्या भाचीचं बारसं होतं. मी एकुलती एक आत्या, तेव्हा नाव माझ्याच तोंडून बाळाच्या कानात जायचं होतं. आम्ही अबूधाबीतल्या घरून, अल रीमहून, सकाळीच निघालो. माझी लेक मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती. तिला नाव काय ठेवणार विचारलं तर "आई, इट्स नॉट माय बेबी" म्हणाली. भावाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अर्धं अल कुसैस लोटलं होतं. रत्नागिरीकडच्या शेजारीण भाभींनी घुगऱ्यांचं पातेलं सांभाळलं होतं. भाऊ दारातच म्हणाला, "ताई, पाळणा बघितला का? ऑनलाइन मागवला. तीनशे दिरहम. म्हणजे धर सात हजार. यल्ला, आत चल, सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

पाळण्यात माझी भाची डोळे मिटून, मुठी आवळून झोपली होती. बारा दिवसांची. मी वाकले. तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे लगेच माझ्या पाठीत धपाटे बसायला लागले. वहिनीच्या मैत्रिणी भलत्याच जोरात मारत होत्या. मी हसत, ओरडत पाळण्याची दांडी घट्ट धरली आणि माझी नजर तिथे बांधलेल्या काळ्या दोऱ्यावर गेली. दोऱ्यासोबत वहिनीने हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा बांधला होता, जन्मल्यावर बाळाच्या पायात अडकवतात तो. त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे वहिनीचं नाव होतं.

पाठीवर धपाटे चालूच होते. मी तशीच वाकलेली राहिले.

बारा दिवस या मुलीला नाव नव्हतं. आमच्यात नसतंच. आणि टाच टोचतात दुसऱ्या दिवशी.

"अगं, लागलं का?" वहिनीने घाबरून विचारलं. मी नाही म्हटलं आणि फोन घेऊन बाल्कनीत पळाले. तिथे वाळत घातलेल्या दुपट्यांमध्ये उभी राहून मी सिस्टरांना फोन लावला. आमची दुपार होती, त्यांची सकाळ. त्या चर्चला निघाल्या होत्या.

"सिस्टर, तुमच्याकडे बाळाचं नाव कधी ठेवतात?"

"आठव्या दिवशी. का?"

"मग टाच टोचताना नावाच्या जागी काय लिहिता?"

"बाळ. आणि आईचं नाव."

"आणि ते परत येतं तेव्हा?"

"तेव्हा त्याचं नाव." मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असा त्यांचा सूर होता. "नाव ठेवलेल्या मुलाला मी बाळ कसं म्हणू? अपमान होतो त्याचा."

मी दुपट्यात तोंड खुपसलं. बाकीचे दवाखाने दीड महिन्याच्या लसीच्या वेळी रक्त घ्यायचे, तेव्हा प्रत्येक बाळाला नाव असायचं. ही एकटी बाई दुसऱ्याच दिवशी टोचायची, म्हणजे सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा चांगलं काम करायची. तिचं प्रत्येक मूल आठव्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरसाठी मरत होतं आणि महिन्याभराने नवीन मूल म्हणून दारात उभं राहत होतं. लाल बाळं आणि वेगळ्या पानावरची हिरवी बाळं एकच होती. त्यांच्या जन्मतारखासुद्धा तंतोतंत जुळत होत्या, कुणीतरी बघायचा अवकाश होता. पण मी तर नियम केला होता की एक अक्षर वेगळं तर मूल वेगळं. आणि हा नियम कुणी केला? बारशाला ज्याच्या त्याच्या घरी घुगऱ्या खाऊन मोठ्या झालेल्या बाईने. मला इतकी लाज वाटली की सिस्टरांची नीट माफीही मागता आली नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की मी आत्ता माझ्या भाचीचं नाव ठेवलं, कानात कुर्र करून.

"कुर्र?" त्यांनी विचारलं.

मी परत करून दाखवलं. त्या खळखळून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता जुळवायचं कसं? नावं माझ्याकडे येऊ शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सिस्टरांनी कधी नव्हे ते कॅमेरा खाली धरला आणि त्यांची वही दाखवली. नावांवर त्यांनी जाड पुठ्ठा ठेवला होता, तेवढं त्या माझ्यापेक्षा चांगलं जाणत होत्या. बाकी रकाने दिसत होते. जन्माची तारीख, पायातल्या पट्ट्याचा नंबर, रक्ताचा निकाल. आणि पुठ्ठ्याखालच्या रकान्याबद्दल त्या म्हणाल्या, "हा मी जन्माच्या दिवशी रिकामा सोडते. आई नाव घेऊन आली की भरते. म्हणून त्याची शाई वेगळी आहे."

त्यांच्या वहीला पहिल्यापासून माहीत होतं की माणूस आधी येतो आणि नाव मागून येतं. मी डिग्र्या घेऊन जे केलं नाही ते त्यांनी पट्टीने रेघा मारून केलं होतं. मी त्या पानाकडे बघत राहिले. देवळात गेल्यावरही माझं मन इतकं गप्प होत नाही, खरं सांगते.

मी मंगळवारपर्यंत प्रोग्राममध्ये पट्ट्याच्या नंबरासाठी एक जागा केली. बुधवारी सकाळी सिस्टर व्हरांड्यात वही मांडीवर घेऊन बसल्या. नाव असलेल्या एकेका मुलापुढे त्या त्याच्या जन्माचा पट्टा-नंबर टाकू लागल्या आणि मी इथे पडद्यासमोर बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक लाल रेघ हिरवी झाली. दुसरी झाली. मग त्यांचा हात बसला असावा, कारण वरून, खालून, मधून, लाल रेघा हिरव्या व्हायला लागल्या. मी डॉक्टरांना हाक मारली. ते चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. 'हरवलं' असं लिहिलेली मुलं एकेक करून परत येत होती. त्यांच्यापुढे त्यांच्या सगळ्या भेटी उलगडत होत्या, दर महिन्याच्या, न चुकता. कुठली तरी आई पावसापाण्यात त्या आडवाटेने बाळ पाठीशी बांधून आली होती आणि मी तिला गैरहजर लावलं होतं.

डॉक्टर हळूच "सुभानल्लाह" म्हणाले. त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

संध्याकाळपर्यंत चार रेघा लाल उरल्या. मी सिस्टरांना विचारलं. तिघांबद्दल त्या म्हणाल्या, "ते हरवलेले नाहीत. ते कुठे आहेत मला माहीत आहे. वहीत तारीख आहे." मी पुढे विचारलं नाही. 'हरवलं' आणि 'गेलं' यांच्यासाठी मी एकच रंग ठेवला होता, तो त्या दिवशी बदलला.

"आणि चौथं?"

"तो येतो. काल आला होता. औषध घेतो, माझा चष्मा ओढतो."

"मग त्याच्यापुढे नंबर टाका ना."

"तुमचा कॉम्प्युटर घेत नाही. त्याला नाव नाही."

तो आठ महिन्यांचा होता. त्याच्या आईची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. त्या दोघांची नावं आठव्या दिवशी, साऱ्या गावासमोर, थाटात ठेवली होती. या वेळी तिने सांगून टाकलं होतं की हा चालायला लागेपर्यंत मी याला नाव देणार नाही. तोवर सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. पाहुणा आला का, पाहुण्याने औषध घेतलं का. आठव्या दिवसानंतर कुणाला 'बाळ' लिहायचं नाही हा सिस्टरांचा नेम होता, आणि 'पाहुणा' हे काही नाव नव्हे. माझ्या प्रोग्राममध्ये नावाचा रकाना सक्तीचा होता. तो रिकामा ठेवला की पुढचं पान उघडतच नसे. त्यामुळे त्याची एकही भेट आमच्याकडे पोचली नव्हती.

माझी घाई नडली. "सिस्टर, काहीही टाका. एक्स टाका. रेघ हिरवी होऊ दे, खलास."

त्या एकदम ताठ झाल्या. "तुमच्या भाचीचं नाव कुणी परक्याने एक्स ठेवलं असतं तर तुम्हाला चाललं असतं? त्याच्या आईने जे ठेवलं नाही, ते मी ठेवणार नाही. तो लाल राहू दे."

माझ्या तोंडात कुणीतरी मारावी तसं झालं. आमच्याकडेही हे होतं, आणि मला ते माहीत होतं. आधीची मुलं गेली की पुढच्याला दगड, धोंडा, केर अशा अर्थाचं नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूला वाटेल की या घरात न्यायजोगं काही नाही. माझ्या आजोबांचं नाव तसंच होतं. लहानपणी आम्ही त्यावरून हसायचो. समुद्रापलीकडची ती आई आणि माझी पणजी एकमेकींना कधी दिसल्या नाहीत, पण दोघींनी आपलं मूल एकाच भीतीपासून लपवलं होतं. एकीने भलतं नाव देऊन, दुसरीने नावच न देऊन. मी मात्र एका सक्तीच्या रकान्यासाठी ते मूल उघड्यावर आणायला निघाले होते.

मी ती सक्ती काढून टाकली. नुसती त्या आईसाठी नाही, सगळ्यांसाठी. कोड नावापासून सोडवला आणि जन्माच्या नंबराला बांधला. त्यासाठी सगळ्या देशांना एकेक फोन करावा लागला आणि प्रत्येक फोनवर मला माझी चूक पहिल्यापासून सांगावी लागली. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं हे माझ्या नवऱ्याला विचारा. पण गंमत अशी की एकाही ठिकाणी कुणी नावं ठेवली नाहीत. एका दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडे नाव चाळीस दिवसांनी. दुसरीकडे म्हणाले, आमच्याकडे मूल फार आजारी पडलं की नाव बदलतात. "आधी का नाही सांगितलंत?" असं मी विचारलं, तर उत्तर एकच आलं: तुम्ही विचारलं नाहीत.

बैठकीत मी दोन तक्ते दाखवले, आधी जुना आणि मग नवा. मी सांगितलं की या केंद्राची मुलं हरवली नव्हती, मी ती हरवली होती. पडद्यावर सिस्टरांचं कपाळ आणि पंखा दिसत होता. डॉक्टरांनी सामान हलवायचा विषय मागे घेतला आणि उलट बाकीच्यांना विचारलं की दुसऱ्या दिवशी टाच टोचणं तुम्हाला जमेल का. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "कागद वाळवायला सावलीची जागा लागते. ती बघा आधी."

बैठक संपल्यावर डॉक्टर माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं मुलं तपासली. नाव विचारून मगच तपासायचो." आणि आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर पाहुण्याची रेघ दर महिन्याला पुढे सरकत राहिली. पहिल्या तारखेला मी सगळ्यात आधी तीच बघायचे. असं करू नये, तक्ता सांभाळणाऱ्याने कुणा एकाचं होऊ नये, हे मी ऑफिसात नवीन लागणाऱ्या मुलांना शिकवते. एका महिन्यात भेट चार दिवस उशिरा आली तर मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होते.

मग एके दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन आला. मी ऑफिसातच होते. खाली रस्त्यावर उन्हाने शुकशुकाट होता. कॅमेरा या वेळी समोर धरलेला होता, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. पुढचे दात थोडे किडलेले, डोळे भरलेले.

"चालला," त्या म्हणाल्या. "भिंतीपासून माझ्या खुर्चीपर्यंत. आज नाव ठेवतायत. सगळे इथेच आलेत, व्हरांड्यात."

"काय ठेवलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते सांगता येणार नाही, मॅडम. तुमचाच नियम." त्या हसल्या. "पण त्याच्या आईला मी तुमच्या भाचीचं सांगितलंय. ती म्हणते, त्या बाईने नाव नसताना याला मोजलं, तर तिने तिच्या रीतीने करावं. मी फोन त्याच्या कानाला लावते. तुम्ही ते करा."

मी उठून उभी राहिले. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते बघत होते. पडदा काळा झाला, म्हणजे फोन त्याच्या कानाशी गेला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, भरभर, नुकत्याच चाललेल्या मुलाचा. मी तोंड फोनजवळ नेलं आणि कुर्र केलं.

कुर्र झालं की आत्याने नाव घ्यायचं असतं. मी गप्प राहिले. पलीकडे त्याच्या आईचा आवाज आला, ती नाव घ्यायला लागली, आणि मी फोन हातभर लांब धरला.